साहेब कुठे आहेत?

मैत्रिणींनो,

या अंकाचं संपादकीय घर विकण्याविषयी आहे, हे वाचून तुम्हाला कदाचित नवल वाटेल. घर नावावर करून घेणं, घरात टिकून राहणं, हाकललं गेल्यावर पुन्हा आत पाऊल टाकणं, या लढाया आपण वर्षानुवर्षं लढतो आहोत. विकण्याबद्दल मात्र आपण फारसं बोललेलो नाही. पण जे आपल्या मालकीचं आहे ते विकायचं की नाही, केवढ्याला आणि कुणाला, हे ठरवण्याचा हक्कही आपलाच असतो. तो वापरायची वेळ आली की काय होतं, ते गेल्या वर्षी मी माझ्याच घरात पाहिलं.

माझी आई महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होती. डोंबिवलीतलं तिसऱ्या मजल्यावरचं छोटं घर तिनं १९९७ साली पतपेढीचं कर्ज काढून घेतलं. हप्ते तिच्या पगारातून कापले गेले, करारनामाही तिच्या एकटीच्या नावावर झाला. वडील गेले, आईचे गुडघे दुखू लागले आणि इमारतीला लिफ्ट नाही. हे घर विकून नाशिकला मावशीच्या शेजारी तळमजल्यावर राहायचं, असं तिनं ठरवलं.

आम्ही दोघी नाक्यावरच्या एजंटाकडे गेलो. त्याचा पहिला प्रश्न होता, "साहेब कुठे आहेत?" ते नाहीत म्हटल्यावर दुसरा, "मग मुलगा?" माझा भाऊ पुण्याला असतो. पुढचे पंधरा दिवस एजंट त्यालाच फोन करत राहिला. छत्तीस लाखांच्या वर काही मिळणार नाही, हे आईला स्वतःच्या घराबद्दल मुलाकडून कळलं. ती एवढंच म्हणाली, "हप्ते कापले जात होते तेव्हा नाही कुणी मुलाला बोलावलं." आणि एजंटाशिवाय, इंटरनेटवर स्वतः जाहिरात देऊन घर विकायचं तिनं ठरवलं.

मॅजिकब्रिक्स, नाइन्टीनाइन एकर्स, नोब्रोकर अशा संकेतस्थळांवर घरमालकाला स्वतः जाहिरात देता येते. फोटो काढून माहिती भरायला तासभर पुरतो. खरं काम त्याच्या आधी आणि नंतर असतं.

आधीचं काम किमतीचं. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर नोंदवलेल्या दस्तांचा इंडेक्स टू शोधता येतो, सरकारी बाजारमूल्याचे दरही तिथेच मिळतात. आमच्याच इमारतीतली तेवढीच दोन घरं त्रेचाळीस आणि पंचेचाळीस लाखांना गेल्याचं आम्हाला तिथं दिसलं. ज्याला आपण एजंटाचं गुपित ज्ञान समजत होतो, त्यातलं बरंचसं सरकारी दप्तरात सर्वांसाठी उघडं होतं. आपल्याला ते कुणी सांगितलं नव्हतं, इतकंच.

जाहिरात लागताच फोन सुरू झाले. शिक्षिकेची सवय म्हणून आईनं वही घातली. पहिल्या आठवड्यातले निम्म्याहून जास्त फोन एजंटांचेच होते. काही पुरुषांनी घराऐवजी "तुम्ही एकट्याच राहता का?" अशी चौकशी केली. एकानं तर आपण लष्करात आहोत, घर न बघताच घेतो, टोकन पाठवतो, फक्त हा क्यूआर कोड स्कॅन करा, असं सांगितलं. मैत्रिणींनो, हे पाठच करून ठेवा. पैसे घ्यायला कोड स्कॅन करावा लागत नाही की पिन टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्या खात्यातून जातात. आणखी एकानं निम्मी रक्कम रोख द्यायची तयारी दाखवली. घराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीनं घ्यायला २०१५ पासून कायद्यानं बंदी आहे आणि दंड तेवढ्याच रकमेचा, तोही घेणाऱ्याला. म्हणजे आपल्याला.

मग आम्ही काही नियम केले. जाहिरातीसाठी वेगळा नंबर. घर फक्त रविवारी सकाळी दाखवायचं आणि त्या वेळी शेजारच्या काकू किंवा मी घरात असायचंच. मूळ कागद कुणाच्या हातात द्यायचे नाहीत, फोटोसुद्धा काढू द्यायचा नाही. ओळखीच्या वकील मैत्रिणीनं मसुदे तपासले, तिची फी आम्ही दिली. एजंट नको म्हणजे सल्ला नको असं नव्हे.

दीड महिन्यानं घर पसंत करणारी भेटली. रुग्णालयात परिचारिका, घटस्फोटित, सोबत दहा वर्षांची मुलगी. बँकेचं कर्ज मंजूर झालेलं. चव्वेचाळीस लाखांवर सौदा ठरला. दुसऱ्या दिवशी सोसायटीचे सेक्रेटरी आले. "बाई, तुमचं घर, तुमचा प्रश्न. पण एकटी बाई आहे, रात्रपाळीला जाणार. जरा बघून द्या."

मला इथं प्रांजळपणे सांगायला हवं. आई गप्प झाली आणि क्षणभर मीही गप्प बसले. मी समाजकार्यात पदव्युत्तर शिक्षण घेतलेली, एकट्या बायकांच्या निवाऱ्यावर भाषणं देणारी. पण नाशिकच्या घराचा विसार देऊन झाला होता आणि हा सौदा मोडला तर काय, हाच विचार आधी मनात आला.

त्या रात्री माझ्या लक्षात आलं की एजंट दलालीच्या बदल्यात आपलं हेही काम करत असतो. कुणाला घर दाखवायचं आणि कुणाला दारातूनच परत पाठवायचं, ही चाळण तो लावतो. एकटी बाई, मुसलमान कुटुंब, दलित कुटुंब आपल्या दारापर्यंत पोचतच नाही आणि आपण म्हणतो, "आमची कुठे हरकत होती? कुणी आलंच नाही." एजंट गेला की ती चाळण आपल्या हातात येते. मग नकार द्यायचा तर तो आपल्याच तोंडानं द्यावा लागतो.

सकाळी आई सेक्रेटरींच्या घरी गेली. म्हणाली, "मीही चार वर्षं इथं एकटीच राहते आहे. तुमची हरकत असेल तर लेखी द्या." वाजवी कारणाशिवाय सोसायटीला सभासदत्व नाकारता येत नाही, हे तिला वकील मैत्रिणीनं सांगितलं होतं. लेखी काही आलं नाही.

दुय्यम निबंधक कार्यालयात दोघींचे फोटो निघाले, अंगठे उमटले. महाराष्ट्रात घर खरेदीदार बाईला मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत २०२१ पासून आहे. पंधरा वर्षं ते घर पुरुषाला विकायचं नाही ही त्यातली अट २०२३ साली काढली गेली. त्या सवलतीनं घेणारीचे चव्वेचाळीस हजार वाचले आणि दोन टक्के दलाली न गेल्यानं आईचे अठ्ठ्याऐंशी हजार. पैसे आईच्या खात्यात जमा झाले आणि त्यातला प्रत्येक रुपया कुठे जाणार, हे तिनंच ठरवलं.

ही गोष्ट सुखान्त झाली, कारण घर तिच्या एकटीच्या नावावर होतं, पेन्शन होती, फोन तिच्या हातात होता. आपल्या केंद्रात येणाऱ्या कितीजणींचं असं असतं? १९५६च्या हिंदू वारसा कायद्यानं बाईला तिच्या मालमत्तेची पूर्ण मालकी दिली. महाराष्ट्रानं १९९४ साली आणि देशानं २००५ साली मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीनं आणलं. पण कागदावरची मालकी आणि व्यवहारात बोलायची मुभा यांत केवढं अंतर आहे, ते "साहेब कुठे आहेत?" या एका प्रश्नात कळतं.

म्हणून घर विकायला निघालेल्या मैत्रिणीला आपण आधी काही प्रश्न विचारायला हवेत. विकायचं तिनं ठरवलंय की तिला विकायला लावलं जातंय? विकल्यावर ती राहणार कुठे? पैसे कुणाच्या खात्यात जाणार? आणि ती मालक आहे की नुसती नॉमिनी? नवऱ्यामागे नॉमिनी म्हणून नाव लागलं की घर आपलं झालं, असं पुष्कळजणींना वाटतं. नॉमिनी ही फक्त सांभाळणारी असते, वारसांचे हिस्से कायद्यानं ठरतात. हे आधी सोडवलं नाही तर ऐन सौद्याच्या वेळी सगळं अडतं.

याची दुसरी बाजूही विसरून चालणार नाही. जी सोय माझ्या आईला मिळाली, ती बायकोला अंधारात ठेवणाऱ्या नवऱ्यालाही मिळते. आमच्याकडे आलेल्या एका मैत्रिणीला स्वतःच्या राहत्या घराची जाहिरात शेजारणीच्या फोनवर दिसली. अशा वेळी घर तिच्या नावावर नसलं तरी ती हतबल नाही. २००५च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याखाली, हिंसा सोसणारी बाई राहतं घर विकायला मनाई करणारा आदेश न्यायालयाकडून मिळवू शकते, अंतरिम आदेशही मागू शकते. मात्र धाव लवकर घ्यायला हवी. सौदा नोंदला गेल्यावर वाट फार बिकट होते.

गटांना माझी विनंती साधी आहे. एका बैठकीत इंडेक्स टू कसा शोधायचा ते सगळ्याजणी मिळून शिका. आपल्या भागातल्या भरवशाच्या वकील मैत्रिणीचं नाव वहीत नोंदवा. आणि एखादी एकटीनं घर विकत असेल तर रविवारी सकाळी दोघीजणी तिच्याकडे जाऊन बसा. काही करू नका, नुसता चहा प्या. येणाऱ्याला कळू द्या की ही बाई एकटी नाही.

परवा आईला नाशिकहून फोन केला. तिच्या नव्या इमारतीत कुणाला तरी घर विकायचं आहे आणि ती त्यांना इंडेक्स टू शिकवते आहे. घर विकणाऱ्या बाईंचे यजमान शेजारी बसले होते म्हणे. आईनं सगळे प्रश्न बाईंनाच विचारले.

तुमचे अनुभव जरूर कळवा. फसलेलेही.