‘यूथ’ म्हणजे नेमकं कोण?

मराठीत सध्या एक इंग्रजी शब्द फार स्वस्त झाला आहे. चौकातल्या फ्लेक्सवर ‘यूथ आयकॉन’ असतो, विद्यापीठात ‘यूथ फेस्टिव्हल’ असतो, प्रत्येक राजकीय पक्षाची ‘यूथ विंग’ असते. आमच्या मोहल्ल्यातही मागे राहत नाहीत. इज्तेमा असो की करिअर मार्गदर्शन, पोस्टरवर ‘मुस्लिम यूथ’ हे दोन शब्द ठळक हवेतच. ऐकणाऱ्याला वाटतं, सगळे एकाच माणसाविषयी बोलत आहेत. माझं म्हणणं असं की, हे सगळे वेगवेगळ्या माणसांविषयी बोलतात आणि या गोंधळाची किंमत खऱ्या तरुणांना मोजावी लागते.

मुळात इंग्रजीतच या शब्दाला तीन अर्थ आहेत. एक, आयुष्याचा काळ, म्हणजे तारुण्य. दोन, तरुणांचा समूह, म्हणजे युवा पिढी. आणि तीन, एखादा तरुण पोरगा. हा तिसरा अर्थ बहुतेक वेळा पुरुषालाच लागू होतो आणि इंग्रजी वर्तमानपत्रांत तो गुन्ह्याच्या बातमीत जास्त भेटतो. मराठीला ही अडचण नव्हती. आपल्याकडे तारुण्य वेगळं, तरुणाई वेगळी, तरुण वेगळा आणि तरुणीही वेगळी. उर्दूत जवानी आणि नौजवान वेगळे. अरबीत मात्र इंग्रजीसारखंच आहे. तिथे ‘शबाब’ म्हणजे तारुण्यही आणि तरुण मंडळीही. म्हणूनच रियाधच्या एका फुटबॉल क्लबचं नाव अल-शबाब आहे आणि सोमालियातल्या दहशतवादी संघटनेचंही तेच! शब्द एकच, पण एकाच्या हातात चेंडू आणि दुसऱ्याच्या हातात बंदूक. नुसत्या शब्दावरून माणूस ओळखता येत नाही, याचा यापेक्षा ठळक दाखला कोणता हवा?

आता वयाचं बघा. संयुक्त राष्ट्रांच्या हिशेबात १५ ते २४ वयाची व्यक्ती म्हणजे यूथ. आपल्या देशाच्या २००३च्या राष्ट्रीय युवा धोरणात ही मर्यादा १३ ते ३५ होती, २०१४च्या धोरणाने ती १५ ते २९ केली. म्हणजे बत्तीस वर्षांचा माणूस एका कागदाने तरुणांतून बाहेर पडला. लोकसभा लढवायला किमान २५ वर्षं पूर्ण लागतात, त्यामुळे संयुक्त राष्ट्रांची व्याख्या लावली तर आपल्या लोकसभेत एकही यूथ असू शकत नाही. दुसरीकडे राज्य सरकारच्या नोकरीसाठी खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ पर्यंत वयाची सवलत आहे. पुण्याच्या पेठांत अभ्यासिकेत बसलेला चौतीस वर्षांचा उमेदवार धोरणात तरुण नाही, परीक्षेच्या अर्जात पात्र आहे आणि गावाकडे आईच्या लेखी अजून ‘पोरगं शिकतंय’. आणि राजकारणात? तिथे डोक्यावरचे केस गेले तरी माणूस ‘युवा नेते’च असतो. साहेबांचं पद रिकामं होईपर्यंत त्याचं तारुण्य संपत नाही.

इथपर्यंत हसण्यावारी नेता येईल. पण ‘यूथ’च्या आधी ‘मुस्लिम’ लागलं की शब्दाचा रंगच बदलतो. ‘यूथ आयकॉन’मधला यूथ उद्याची आशा असतो, ‘मुस्लिम यूथ’ मात्र बातमीत आला की संशयित असतो. टीव्हीवरच्या चर्चेत तो ‘भरकटलेला’ असतो, सरकारी अहवालात ‘मागासलेला’ आणि आमच्याच धर्मगुरूंच्या तकरीरीत ‘बिघडलेला’. तिघांनाही त्याची फार काळजी. पण तो गॅरेजमध्ये काम करतो की कॉलेजात जातो, त्याला कविता आवडते की क्रिकेट, त्याला नोकरी का मिळाली नाही, हे विचारायला तिघांपैकी कुणालाही सवड नाही.

११ जुलै २००६ रोजी मुंबईच्या लोकल गाड्यांत स्फोट झाले. त्यानंतर अटक होऊन ज्या तेरा जणांवर खटला चालला, त्यातले बहुतेक विशी-तिशीतले होते. एक जण नऊ वर्षं तुरुंगात काढून २०१५ मध्ये निर्दोष सुटला. उरलेल्या बारा जणांना दोषी ठरवलं गेलं, पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने या बाराही जणांना निर्दोष ठरवलं. तोवर त्यातला एक जण कैदेत असतानाच वारला होता. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरायला तिथे स्थगिती मिळाली, पण सुटलेल्यांना पुन्हा आत पाठवलं गेलं नाही. एकोणीस वर्षं! आत जाताना बातमीत ‘यूथ’ होते, बाहेर येताना दाढी पिकलेले बाप होते. तारुण्य हा त्या शब्दाचा पहिला अर्थ, नेमका तोच त्यांच्या वाट्याला आला नाही. आणि ज्यांची माणसं त्या गाड्यांत गेली, त्या कुटुंबांनाही खरा गुन्हेगार कोण, याचं उत्तर मिळालेलं नाही. घाऊक शब्दाने दोघांचंही भलं केलं नाही.

दोष फक्त बाहेरच्यांना देऊन मी मोकळा होणार नाही. ‘मुस्लिम यूथ’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पोरगाच का येतो? अशा कितीतरी कार्यक्रमांत मी पाहिलंय, पुढच्या खुर्च्यांवर मुलं, मागे किंवा पडद्याआड मुली आणि प्रश्न विचारायचा माइक मागच्या रांगेपर्यंत पोहोचतच नाही. बारावीला चांगले गुण मिळवून कॉलेजसाठी घरात भांडणारी मुलगी यूथ नाही का? मराठीत तिच्यासाठी ‘तरुणी’ हा शब्द होता. आपण इंग्रजी शब्द घेतला आणि तिला बॅनरवरून हळूच पुसून टाकलं.

यात एक गंमत आहे, पण ती बोचरी आहे. ‘यूथ’ हा शब्द देवनागरीत नवा नाही. संस्कृतातून आलेला ‘यूथ’ आपल्या जुन्या कोशांत आहे आणि त्याचा अर्थ आहे कळप. हत्तींचा कळप म्हणजे यूथ आणि त्याच्या पुढे चालणारा तो यूथपती. इंग्रजी शब्दाशी त्याचा काही संबंध नाही. इंग्रजी ‘यूथ’चं दूरचं नातं आहे ते संस्कृतातल्या ‘युवन्’शी, म्हणजे आपल्या ‘युवा’शी. पण आज हा शब्द ज्या प्रकारे वापरला जातो, ते पाहता जुना अर्थच खरा वाटू लागतो. नेत्याला मोर्चासाठी कळप हवा, मौलानांना इज्तेमासाठी कळप हवा, चॅनेलला भीती दाखवायला कळप हवा. यूथपती भरपूर आहेत, तरुण मात्र एकटा आहे.

म्हणून माझी मागणी साधी आहे. यापुढे कुणी व्यासपीठावरून ‘यूथ’ म्हटलं की त्याला तिथल्या तिथे विचारा: कोणता? किती वयाचा? मुलगा की मुलगी? शिकणारा की राबणारा? त्याच्याशी तुम्ही शेवटचं कधी बोललात? उत्तर आलं तर पुढचं भाषण जरूर ऐका. नाही आलं तर समजा, साहेब कळपाविषयीच बोलत आहेत आणि त्यात तुमचंही डोकं मोजलेलं आहे.