घरभाड्याच्या परताव्याचे वर्ध्यातील गणित

घर घेऊन भाड्याने द्यावे आणि निवृत्तीनंतरची सोय करावी, हा मध्यमवर्गाचा जुना हिशेब आहे. मुंबई-पुण्यातील किमती आवाक्याबाहेर गेल्याने हा गुंतवणूकदार आता वर्ध्यासारख्या जिल्ह्याच्या गावांकडे वळू पाहतो. त्यासाठी तो ज्या आकड्याचा आधार घेतो, तो म्हणजे ढोबळ भाडे-परतावा. वर्षभराच्या भाड्याला घराच्या किमतीने भागून शंभराने गुणले की हा आकडा मिळतो. मात्र, दोन बाजारपेठांची तुलना करताना तो बरेच काही झाकून ठेवतो.

उदाहरणादाखल मुंबईच्या उपनगरात दीड कोटीची सदनिका महिना ३५ हजारांनी भाड्याने गेली, तर ढोबळ परतावा २.८ टक्के होतो. वर्ध्यात ३० लाखांच्या घराला नऊ हजार भाडे आले, तर तो ३.६ टक्के भरतो. कागदावर वर्धा सरस ठरते. परंतु हे गणित घर बाराही महिने भरलेले राहील असे गृहीत धरते.

वर्ध्यातील भाड्याच्या मागणीत शिक्षणसंस्थांचा वाटा मोठा आहे. सेवाग्रामचे वैद्यकीय महाविद्यालय १९६९ पासून, तर महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय १९९७ पासून येथे आहे. सावंगी (मेघे) येथेही वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय आहे. त्यामुळे भाडेकरू मिळतो. पण विद्यार्थी भाडेकरू शैक्षणिक वर्षाबरोबर येतो आणि परीक्षा संपताच खोली सोडतो. संस्थेने नवे वसतिगृह बांधले, तर आसपासच्या खोल्यांची मागणी घटते.

वरील उदाहरणात वर्ध्याचे घर दोन महिने रिकामे राहिले आणि घरपट्टी, रंगरंगोटी, दुरुस्तीवर २० हजार गेले, तर हाती ७० हजार उरतात. म्हणजे परतावा २.३ टक्के. मुंबईतील घर एक महिना रिकामे राहून ६० हजार खर्च झाला, तरी तेथे सुमारे २.२ टक्के मिळतात. पाऊण टक्क्याहून अधिक दिसणारा फरक जवळपास नाहीसा होतो.

दुसरा मुद्दा किमतीचा. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग वर्धा जिल्ह्यातून जातो. त्याचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये, तर संपूर्ण ७०१ किलोमीटरचा मार्ग जून २०२५ मध्ये खुला झाला. अशा प्रकल्पांच्या अपेक्षेने जागेचे भाव चढू शकतात; भाडे मात्र भाडेकरूच्या मिळकतीपलीकडे जाऊ शकत नाही. किंमत वाढून भाडे जागेवर राहिले की परतावा उलट घटतो.

कायद्याची बाजूही विसरता येत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार लिव्ह अँड लायसन्स करार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक असून, ती जबाबदारी घरमालकाची आहे. लहान गावात ओळखीवर खोली देण्याची रीत असली, तरी वाद उद्भवल्यास नोंदणीविना मालकाची बाजू लंगडी पडते.

अलीकडच्या वर्षांत बँकांच्या मुदत ठेवींवर साधारण सहा ते सात टक्के व्याज मिळत आले आहे. त्यावर जोखीम नगण्य आणि रिकामा महिना नाही. तेव्हा केवळ भाड्यासाठी कर्ज काढून घर घेणे कोठेही परवडणारे नाही. वर्ध्यात घर घ्यायचेच असेल, तर दलालाला भाडे किती, एवढेच विचारून थांबू नये. गेल्या तीन वर्षांत घर किती महिने रिकामे होते, हा प्रश्न अधिक मोलाचा आहे.