ग्रहणाला दोष, आईला शिक्षा

दोन वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगी होती. दोन्ही पावले आत वळलेली, पावलाच्या कडेवर चालायची. पालकसभेला तिची दादी आली. मी विचारले तर म्हणाली, "सर, पोटुशी असताना हिच्या आईनं ग्रहणात कात्री धरली होती."

पुढे कळले, की बाळपणी प्लास्टर करून मुलीची पावले सरळ झाली होती. नंतर दिलेले बूट घातले की ती रडायची, म्हणून दोन महिन्यांत ते माळ्यावर गेले. पावले पुन्हा वळली. दोष मात्र ग्रहणाचा, म्हणजे आईचा!

साधारण हजारातल्या एका बाळाला हा क्लबफूट असतो. बहुतेकांमध्ये नेमके कारण सापडत नाही, पण ग्रहणाचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही. आपल्याला तर हे आधीच सांगितले गेले आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांचे लाडके पुत्र इब्राहिम वारले, त्या दिवशी सूर्यग्रहण होते. लोकांनी दोन्हींचा संबंध जोडला. कोणाच्या जगण्या-मरण्याने ग्रहण लागत नाही, असे प्रेषितांनी त्या दुःखातही स्पष्ट बजावले. तरी आपल्या घरांत हा समज अजून नांदतो.

उपचार साधा आहे. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाचे डॉ. इग्नासिओ पोन्सेटी यांनी तो विकसित केला. दर आठवड्याला पाऊल हळूहळू वळवून प्लास्टर बदलायचे. सहसा पाच-सात प्लास्टर पुरतात. बहुतेक बाळांच्या टाचेमागची घट्ट शीर छोटा छेद देऊन सैल करतात. मग पट्टीला जोडलेले बूट: पहिले तीन महिने जवळजवळ दिवसभर, नंतर चार-पाच वर्षांचे होईपर्यंत झोपताना. पाऊल पुन्हा वळण्याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे हे बूट सोडणे.

२०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात क्लबफूटचा समावेश आहे, उपचार मोफत आहेत. आशाताईंना विचारा, जिल्हा रुग्णालयात जा. उशीर झाला असेल, तरीही दाखवा.

पण रोज रात्री रडणाऱ्या बाळाला बूट घालणे एकट्या आईचे काम नाही. अब्बांनी घालावेत, दादीने बाळाला थोपटावे. सुनेच्या हातातली कात्री आठवण्यापेक्षा माळ्यावरचे बूट खाली काढलेले बरे.