लाल पोटॅशची गोणी आणि कारखान्याची राख

उसाची भरणी जवळ आली की कृषी सेवा केंद्रातून आधी उचलला जातो तो युरिया. पोटॅश ‘पुढच्या वेळी बघू’ म्हणून राहून जातो. हिशेब साधा आहे. युरियाची 45 किलोची गोणी 266.50 रुपयांना मिळते, लाल पोटॅशच्या गोणीला दीड हजारांच्या पुढे मोजावे लागतात. शिवाय युरिया टाकला की आठवड्याभरात पीक हिरवेगार दिसते. पोटॅशचे काम डोळ्यांना दिसत नाही.

पण काम मोठे आहे. पानांची रंध्रे उघडतात-मिटतात ती पालाशाच्या, म्हणजे पोटॅशियमच्या, जोरावर, म्हणून पाण्याचा ताण सोसायला तो हवा. पानात तयार झालेली साखर कांडीत पोहोचवण्यातही त्याचा हात असतो. तो कमी पडला की जुन्या पानांच्या कडा करपतात. तोवर बराच उशीर झालेला असतो.

लाल पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, पाण्यात सहज विरघळणारे खनिज मीठ. रंग लोहाच्या अंशाचा. त्यात पालाश (ऑक्साइडच्या रूपात मोजलेला) 60 टक्के, तर क्लोराइड सुमारे 47 टक्के. क्लोराइड द्राक्षाला सोसत नाही, म्हणून बागायतदार महागडे सल्फेट ऑफ पोटॅश वापरतात. उसाला मात्र क्लोराइड चालते.

हे मीठ कॅनडा, रशिया, जॉर्डन अशा देशांतून येते. 2010 पासून त्याचे अनुदान पोषणद्रव्यावर ठरते; युरिया मात्र त्या व्यवस्थेबाहेर, ठरावीक किमतीत राहिला. जमिनीतले असंतुलन या धोरणाने वाढवले आणि ते सुधारण्याची जबाबदारीही धोरणकर्त्यांचीच आहे.

महाराष्ट्राला मात्र दिल्लीची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. उसाने जमिनीतून उचललेला बराचसा पालाश मळीत उतरतो. मळीपासून अल्कोहोल काढल्यावर उरणारा स्पेंटवॉश आटवून बॉयलरमध्ये जाळला, की राखेत पालाश शिल्लक राहतो. या राखेपासून केलेल्या खताला 2021 मध्ये अनुदान योजनेत जागा मिळाली; त्यात पालाश किमान 14.5 टक्के असावा लागतो. म्हणजे लाल पोटॅशच्या एका गोणीऐवजी चार गोण्या लागणार. असे खत दूर नेणे परवडत नाही, ते कारखान्याच्या कार्यक्षेत्रातच वापरायला हवे.

आणि ते ज्यांच्या उसातून आले त्यांनाच आधी मिळावे. सभासदाला सवलतीची साखर देणाऱ्या कारखान्यांनी या गोण्याही सवलतीत द्याव्यात. प्रत्येक गोणीवर तपासलेली टक्केवारी छापावी आणि भरणीच्या आधी त्या गटकार्यालयात पोहोचवाव्यात.