डोडो मठ्ठ नव्हता हो!

मंडळी, 'बदला, नाहीतर तुमचा डोडो होईल' हे ट्रेनिंगच्या स्लाइडवर आणखी एकदा दिसलं तर मी उठून बाहेर जाणार आहे. उंदीर म्हणे स्मार्ट, कुठेही टिकतो. डोडो जाडा, मठ्ठ, म्हणून संपला. च्यायला, इतका सोपा निकाल?

मॉरिशसवर माणूस नव्हता. सस्तन प्राणी म्हणाल तर जमिनीवर एकही नाही, नुसती वटवाघळं. तिथे उडायचं कशाला? कबुतराच्या कुळातला हा पक्षी त्या बेटासाठी अगदी फिट होता. २०१६ साली कवटीच्या स्कॅनवरचा अभ्यास आला, त्यात शरीराच्या मानाने मेंदू कबुतराच्याच तोडीचा निघाला. मठ्ठ कसला!

१५९८ मध्ये डच उतरले. मग जंगलतोड, शिकार, आणि जहाजांतून आलेली डुकरं, माकडं, उंदीर. डोडोचं घरटं जमिनीवर, त्यात बहुधा एकच अंडं. तो दिसल्याची शेवटची सर्वसाधारणपणे मान्य नोंद १६६२ची. चौसष्ट वर्षांत पंख फुटतात का राव? आपण सर्व्हर रातोरात बदलायचा आणि जुन्या कोडला शिव्या घालायच्या, त्यातला प्रकार!

आणि उंदीर? काळा उंदीर तर मूळचा आपल्याच उपखंडातला (अभिमान वगैरे नको). तीन आठवड्यांत पिल्लं घालतो, हे मान्य. पण जग फिरला तो माणसाच्या जहाजातून, माणसाच्या धान्यावर. फुकटच्या तिकिटाला कर्तृत्व म्हणायचं असेल तर म्हणा बापडे. स्लाइडवर मात्र त्या जहाजाचंही चित्र टाका.