१४५ डॉलरची निवडणूक

सन १९८२. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातून सिनेटवर पुन्हा निवडून जाण्यासाठी विल्यम प्रॉक्समायर या गृहस्थांनी प्रचारावर एकूण खर्च केला १४५ डॉलर १० सेंट. आयुष्याची बरीच वर्षे बँकेत जमाखर्च तपासण्यात गेल्यामुळे असा आकडा दिसला की मला आधी कौतुक वाटत नाही, संशय येतो. एखादे शून्य राहून गेले असेल, किंवा खर्च दुसऱ्याच खात्यावर पडला असेल.

शून्य राहून गेलेले नव्हते. त्या रकमेचा बराचसा भाग टपालावर गेला होता, आणि तोही लोकांनी आपणहून पाठवलेल्या देणग्या परत करण्यासाठी. मते मिळाली साठ टक्क्यांहून अधिक. त्याआधी १९७६ सालीही खर्च दोनशे डॉलरच्या आतच होता आणि मते सत्तर टक्क्यांच्या वर. इतर उमेदवार लाखो डॉलर ओतत असताना हे जमले कसे?

त्यासाठी वहीची जुनी पाने उलटावी लागतात. प्रॉक्समायर मूळचे विस्कॉन्सिनचे नव्हतेच. १९४९ साली ते मॅडिसन शहरात वार्ताहर म्हणून आले आणि पुढच्याच वर्षी राज्याच्या विधानसभेवर निवडून गेले. मग गव्हर्नरपदासाठी उभे राहिले. तेव्हा त्या पदाची मुदत दोन वर्षांची असे. १९५२, १९५४, १९५६ अशा तिन्ही निवडणुका ते हरले. दुसरा कोणी घरी बसला असता.

१९५७च्या मे महिन्यात सिनेटर जोसेफ मॅकार्थी वारले. कम्युनिस्ट शोधून काढण्याच्या नावाखाली ज्यांनी साऱ्या देशाला धास्ती घातली होती, तेच हे मॅकार्थी. त्यांच्या रिकाम्या जागेसाठी ऑगस्टमध्ये पोटनिवडणूक झाली. समोर होते वॉल्टर कोलर, म्हणजे प्रॉक्समायरना दोनदा हरवलेले माजी गव्हर्नर. तीनदा आपटलेला उमेदवार म्हणून प्रॉक्समायरची टिंगल झाली. त्यांनी ती हसत स्वीकारली. धंद्यात, खेळात, प्रेमात जे कधीच हरले नाहीत, त्यांची मते प्रतिस्पर्ध्याने खुशाल घ्यावीत. हरलेल्यांची तेवढी मला पुरेत, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. हरलेल्यांची संख्या कुठल्याही गावात जास्तच असते. ते निवडून आले.

त्यानंतर १९५८, १९६४, १९७०, १९७६, १९८२. एकदाही पराभव नाही. निवडणूक असो वा नसो, हा माणूस कारखान्यांच्या फाटकांवर, जत्रांमध्ये, फुटबॉलच्या मैदानाबाहेर उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे हात हातात घेत असे. सिनेटमध्ये १९६६ ते १९८८ या काळात त्यांनी सलग १०,२५२ वेळा मतदान केले, एकही हजेरी न चुकवता. वंशसंहारविरोधी आंतरराष्ट्रीय कराराला अमेरिकेने मान्यता द्यावी म्हणून १९६७पासून ते सभागृहात भाषणे करीत राहिले. अशी ३,२११ भाषणे झाल्यावर, १९८६ साली, सिनेटने तो करार मान्य केला.

बँकवाल्याला त्यांचे आणखी एक काम मोलाचे वाटेल. ते सिनेटच्या बँकिंग समितीचे अध्यक्ष होते. ज्या वस्तीतून बँक ठेवी गोळा करते, त्या वस्तीच्या कर्जाच्या गरजाही तिने भागवल्या पाहिजेत, हा १९७७चा कायदा त्यांच्या पुढाकाराने झाला. ठेवी गरीब वस्तीच्या आणि कर्जे दुसरीकडची, हे दुखणे काही एकट्या अमेरिकेचे नाही.

आता नावेची बाजू. १९७५पासून प्रॉक्समायर दर महिन्याला सरकारी उधळपट्टीला एक उपहासाचा 'पुरस्कार' जाहीर करीत. वर्तमानपत्रे तो हौसेने छापत. म्हणजे जी प्रसिद्धी इतरांना विकत घ्यावी लागे, ती यांना फुकट मिळे. पण फुकट असा व्यवहार नसतो. माकडांच्या आक्रमकतेचा अभ्यास करणारा एक संशोधक या थट्टेत भरडला गेला. तो सर्वोच्च न्यायालयात गेला. सभागृहातल्या भाषणाला असलेले संरक्षण प्रसिद्धिपत्रकाला मिळत नाही, असा निर्णय न्यायालयाने १९७९ साली दिला. शेवटी तडजोड होऊन प्रॉक्समायरना १०,००० डॉलर द्यावे लागले. निवडणुकीच्या हिशेबात ही रक्कम कुठेच दिसत नाही. शिवाय उधळपट्टीवर तुटून पडणारा हा माणूस आपल्या राज्यातल्या दूधउत्पादकांच्या सरकारी मदतीची मात्र पाठराखण करी. मतदारांचा ओशाळेपणा कोणाला चुकतो?

आणि १४५ डॉलरमागे पंचवीस वर्षांचा वावर होता, हेही विसरू नये. नव्या, अनोळखी उमेदवाराला ते जमणारे नव्हते. १९८८ साली प्रॉक्समायर उभे राहिले नाहीत. त्यांच्या जागी निवडून आले हर्ब कोल, दुकानांच्या साखळीतून श्रीमंत झालेल्या घराण्यातले. त्यांनी स्वतःचे लाखो डॉलर खर्च केले. त्यांचे म्हणणे असे की, मी स्वतःच्या पैशाने लढतो, म्हणून मी कोणाचा मिंधा नाही. गंमत पाहा. प्रॉक्समायरचे म्हणणेही तेच होते. मतदारांची भीतीही दोन्ही वेळा एकच होती: आपला प्रतिनिधी दुसऱ्याच कोणाचा तर नाही ना? फरक इतकाच की, कोलांचा मार्ग कोट्यधीशालाच परवडतो. प्रॉक्समायरचा मार्ग शिक्षकाला, कारकुनाला, शेतकऱ्यालाही खुला आहे. मात्र त्यासाठी आयुष्यातले सारे शनिवार-रविवार द्यावे लागतात आणि तीनदा हरूनही चौथ्यांदा उभे राहावे लागते.

प्रॉक्समायर २००५ साली वारले. अखेरच्या काळात त्यांना स्मृतिभ्रंशाने ग्रासले होते. हजारो माणसांचे हात हातात घेतलेल्या माणसाला माणसे ओळखता येऊ नयेत, हे क्रूरच.

उमेदवाराने किती खर्च केला हे आपण विचारतो, ते योग्यच आहे. पण जुन्या हिशेबनिसाच्या सवयीने मी एक प्रश्न पुढे जोडीन: तो कोणाच्या खात्यावर पडला? प्रॉक्समायरच्या वहीत बहुतेक नोंदी त्यांच्या स्वतःच्या वेळेच्या नावे आहेत. काही इतरांच्याही नावे आहेत. तरीही अशी वही क्वचितच तपासायला मिळते.