विजेला आधार अंदाजाचा

हवामानाचा अंदाज आला की शेतकरी पेरणीचा विचार करतो आणि शहरातला माणूस छत्रीचा. त्याच अंदाजावर वीजपुरवठाही अवलंबून असतो, हे मात्र सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये ते प्रकर्षाने दिसले. १९०१ पासूनच्या नोंदींत तो देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. पावसाने दडी मारली, उकाडा वाढला, कृषिपंप सुरू झाले आणि १ सप्टेंबरला विजेची मागणी सुमारे २ लाख ४० हजार मेगावॉटवर गेली. त्याच काळात जलविद्युत मात्र घटली. पाऊस एकच चुकला, पण फटका दोन्ही बाजूंनी बसला.

वीज मोठ्या प्रमाणावर साठवणे अजूनही खर्चीक आहे. त्यामुळे मागणी आणि निर्मिती यांचा मेळ क्षणोक्षणी घालावा लागतो. थंड पडलेला औष्णिक संच पुन्हा सुरू व्हायला कित्येक तास लागतात, म्हणून उद्याची तयारी आजच करावी लागते. त्यात आता वारा आणि ऊन यांची भर पडली आहे. वाऱ्याचा वेग एक चतुर्थांशाने घटला, तर त्यातून मिळू शकणारी ऊर्जा निम्म्याहून अधिक घटते, कारण ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. सौर प्रकल्पावर ढग आला की निर्मिती काही मिनिटांत कोसळते. राज्य वीज नियामक आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार पवन आणि सौर उत्पादकांना दिवसाच्या ९६ पंधरा-पंधरा मिनिटांच्या टप्प्यांसाठी निर्मितीचा अंदाज आधीच द्यावा लागतो. तो मर्यादेपलीकडे चुकला तर आकार भरावा लागतो. अंदाजातल्या चुकीची अशी रोख किंमत मोजावी लागते.

कोयनेचेही तसेच. पाणीतंटा लवादाने पश्चिमेकडे वळवून वीजनिर्मितीसाठी वर्षाला ६७.५ टीएमसी पाण्याची मर्यादा घातली आहे. ते आधीच वापरून संपवले, तर मे महिन्यातल्या कडक उन्हाळ्यात हात रिकामे. जपून ठेवले आणि पाऊस लवकर आला, तर गरजेच्या वेळी वापरायचे राहून गेले. २०२५ मध्ये मोसमी पाऊस २६ मे रोजीच मुंबईत पोहोचला. जुन्या सरासरीवर आखलेले वेळापत्रक अशा वर्षी कामी येत नाही.

हा केवळ पैशांचा हिशेब नाही. ३० मे २०२४ रोजी उष्णतेच्या लाटेत देशाची मागणी अडीच लाख मेगावॉटवर गेली होती. सूर्य मावळताच सौरऊर्जा थांबते, पण उकाडा थांबत नाही. रात्री शरीराला गारवा मिळाला नाही, तर दिवसभराचा ताण उतरत नाही. वृद्ध, तान्ही बाळे आणि हृदयरोगी यांना त्याचा धोका अधिक. अशा रात्रीचे भारनियमन हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न ठरतो.

सुदैवाने अंदाजाचे शास्त्र पुढे सरकले आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेली, सहा किलोमीटरच्या चौकटीत अंदाज देणारी प्रणाली मे २०२५ मध्ये कार्यान्वित झाली. ‘मिशन मौसम’साठी केंद्राने दोन हजार कोटी रुपये मंजूर केले आहेत. तरीही पवनचक्कीची पाती जिथे फिरतात, त्या शंभर मीटर उंचीवरचा वारा जमिनीलगतच्या नोंदींवरून नेमका कळत नाही. अशी मोजमापे प्रकल्पचालकांकडे असतात. ती हवामान खात्यालाही मिळावीत, असा नियम हवा. भार प्रेषण केंद्रांत हवामानतज्ज्ञ कायम नेमले पाहिजेत. नवे प्रकल्प आखताना गेल्या तीस वर्षांच्या सरासरीबरोबरच पुढच्या तीस वर्षांच्या तापमानवाढीचाही विचार व्हायला हवा.

वीजकेंद्रे आणि मनोरे यांवर हजारो कोटी खर्च होतात. त्यांच्या तुलनेत निरीक्षण केंद्रे आणि रडार यांचा खर्च किरकोळ आहे. त्यात काटकसर केली, तर तिची किंमत वीजबिलातून आणि उकाड्यात जागून काढलेल्या रात्रींतून सामान्य ग्राहकालाच मोजावी लागेल.